हुरड्याचं आमंत्रण असलेलं इंग्रजी पत्र

मामा,

तुमच्या दशक्रियेला माईकवर बरेच जण बोलून गेले. आपल्याकडचा रिवाजच तो. महाराजांचं प्रवचन संपलं की पंचक्रोशीतला एकेक पुढारी उठतो, घसा खाकरतो आणि गेलेल्या माणसाला श्रद्धांजली वाहतो, मग ओळख असो वा नसो. तुम्हाला एकानं 'मितभाषी व्यक्तिमत्त्व' म्हटलं. मामी माझ्या शेजारी तोंडाला पदर लावून बसली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, मी तिच्याकडं पाहिलं, आणि भर मंडपात आम्हा दोघींना हसू फुटलं. बायकांना वाटलं हुंदका आला. त्यांनी आमच्या पाठीवरून हात फिरवला.

कुकरच्या शिट्टीसाठी कंपनीला चार पानी इंग्रजी पत्र लिहिणारा माणूस मितभाषी. धन्य आहे.

दुसऱ्या वक्त्यानं तुमच्या जाण्यानं कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाल्याचं सांगितलं. तिसऱ्यानंही तीच पोकळी सांगितली. मी माझ्या वर्गातल्या पोरांना सांगत असते, जे वाक्य कुणाहीबद्दल लिहिता येतं ते कुणाबद्दलच नसतं, ते खोडून टाका. मंडपात बसून मी ती सगळी भाषणं मनातल्या मनात खोडत गेले आणि शेवटी तुमच्याबद्दलचं असं काही उरलंच नाही. म्हणून हे लिहायला बसले. मराठीत लिहितेय, कारण इंग्रजीत कागद पुढं ओढला की आपलं भांडण सुरू व्हायचं, आणि आता भांडायला समोर तुम्ही नाही.

भांडण तरी केवढं जुनं. मी केडगावात इंग्रजी पत्रलेखनाचे वर्ग सुरू केले तेव्हापासूनचं. 'कामापुरता मामा' अशी म्हण आहे, पण आपल्याकडं उलटं होतं, आपल्याकडं कामापुरती भाची होती. इंग्रजी पत्राचं काम निघालं की तुम्ही तिसगावच्या भांड्यांच्या दुकानात मामीला बसवायचात, एसटीनं नगर गाठायचात आणि तिथून रिक्षानं माझ्या दारात. हातात मेथीची पिशवी आणि खिशात घडी घातलेला कच्चा खर्डा. मी पाणी आणेपर्यंत तो खर्डा टेबलावर पसरलेला असायचा आणि तुम्ही खुर्ची ओढून चष्मा पुसत बसलेले असायचात.

माझे नियम तुम्हाला तोंडपाठ होते, पाळत मात्र एकही नव्हता. पहिल्या दोन ओळींत आपण कोण आणि आपल्याला काय हवंय ते सांगायचं. मग जे घडलं ते तारखेवारी, आपलं मत न घालता. एका पत्रात एकच काम. राग नको, रडगाणं नको, धमकी तर नकोच. शेवटी उत्तर कधीपर्यंत हवं ते नम्रपणे विचारायचं आणि सही करून थांबायचं. वाचणारा माणूस कामात असतो, त्याचा वेळ खायचा नाही. एमआयडीसीतले सुपरवायझर, नर्सिंगच्या मुली, बँकेत नव्यानं लागलेली पोरं, सगळी हे गुमान लिहून घेतात. तुम्ही तेवढे ऐकून मान हलवायचात आणि म्हणायचात की बरोबर आहे, पण सुरुवातीला त्यांच्या तब्येतीचं विचारू.

नमनाला घडाभर तेल म्हणजे काय हे मी तुमच्या त्या कुकरच्या पत्रावरून शिकवते. आधी साहेबांच्या तब्येतीची चौकशी. मग त्यांच्या घरच्या मंडळींना नमस्कार. मग यंदा पाथर्डी तालुक्यात पाऊस कसा कमी झाला ते. मग तुमचं दुकान वडिलांपासून कसं चालू आहे ते. शिट्टी वाजायची ती तिसऱ्या पानाच्या शेवटी. 'विथ फोल्डेड हँड्स' असे शब्द तुम्ही कुठून उचललेत देव जाणे, पण ते प्रत्येक पत्रात यायचे. कंपनीनं दोन शिट्ट्या पाठवल्या. एक बदलून, आणि दुसरी, तुमच्या म्हणण्याप्रमाणे, प्रेमापोटी. मी म्हटलं, मामा, चार पानं वाचून त्यांना कळलंच नसेल नेमक्या किती हव्यात. तुम्ही ती जास्तीची शिट्टी दुकानाच्या काउंटरवर ठेवलीत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलीत.

एकदा मी तुम्हाला चांगलं कोंडीत पकडलं होतं. दुकानात भांड्यांवर नावं घालायचं मशीन आहे, आणि त्याचे पैसे तुम्ही अक्षरामागं घ्यायचात. लग्नाचं गिऱ्हाईक आलं की तुम्हीच त्याला समजवायचात, अहो, सगळ्या पदव्या कशाला, नाव आणि गाव पुरे. म्हटलं, तिथं बरं थोडक्यात लिहिता येतं, मग कागदावर काय होतं तुम्हाला? तुम्ही मशीन बंद केलंत आणि माझ्याकडं फार कीव आल्यासारखं पाहिलंत.

"भांड्यावर लिवलेलं कुनी वाचावं म्हनून न्हाई लिवत, कल्पे. भांडं चोरीला जाऊ नये म्हनून लिवतात."



आणि हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही, ते आता सांगते. मी शाळकरी असताना सुट्टीत आले की तुम्ही मला काउंटरवर बसवायचात आणि भांड्यांच्या खोक्यांवरचं इंग्रजी वाचायला लावायचात. हे वर ठेवा, हे जपून उचला, हे पाण्यापासून लांब ठेवा. माझं इंग्रजी पुस्तकातून सुरू झालं नाही, मामा, त्या खोक्यांवरून झालं. तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलं की इंग्रजी म्हणजे कुणीतरी लांबच्या माणसानं आपल्याला काहीतरी कामाचं सांगितलेलं असतं. माझे सगळे नियम तिथूनच आले आहेत. वर्गात मी त्याचं श्रेय स्वतःला घेते.

मग ईश्वरीचं झालं.

तुमची ही नात, नितीनची मुलगी, जन्मापासून ऐकू न येणारी. पुण्यात ऑपरेशन झालं, कानामागं आत एक यंत्र बसवलं आणि बाहेर कानावर लावायचं मशीन मिळालं. डॉक्टरांनी सगळ्यांना बसवून सांगितलं की मशीन लावलं म्हणजे झालं असं नाही, या मुलीशी घरातल्यांनी दिवसभर बोलत राहिलं पाहिजे, तरच तिला भाषा येईल. नगर जिल्ह्यात त्या कामाला तुमच्याइतका लायक माणूस दुसरा नव्हता. तुम्ही तिला दुकानात नेऊन काउंटरवर बसवलंत आणि एकेक भांडं हातात घेऊन सुरू झालात. हा तांब्या. ही परात. हा झारा, ह्यानं पुऱ्या तळतात. गिऱ्हाईक खोळंबायचं, मामी चिडायची. पण पोरगी बोलायला लागली. तिच्या आईच्या, वैशालीच्या आधी तिनं तुम्हाला 'आबा' अशी हाक मारली याचं तुमच्या सुनेला वाईट वाटलं असणार, पण तिनं ते कधी दाखवलं नाही.

ती शाळेत जायच्या वयाची झाली आणि मशीन बिघडलं. कंपनीच्या पुण्यातल्या सेंटरवर ठरल्याप्रमाणे तपासणीला दिलं होतं, तिथून आणलं आणि थोड्याच दिवसांत आवाज तुटायला लागला. मग बंदच. सेंटरवाला म्हणाला, आत पाणी गेलंय, हे गॅरंटीत बसत नाही. वैशालीनं ते मशीन तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. तिला तो शब्द फार लागला. नवीन घेणं नितीनच्या टेम्पोच्या कमाईत बसणारं नव्हतं, आणि दुकानाचं तुम्हाला मी काय सांगू.

पहिल्या आठवड्यात ईश्वरी ते बंद मशीन तळहातावर घेऊन घरातल्या प्रत्येकापुढं उभी राहायची. तिला वाटायचं कुणीतरी ते चालू करून देईल. मग तिनं ते सोडलं. मग बोलणंही कमी कमी होत गेलं, 'परात'चं 'पात' झालं, पुढं तेही गेलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की या वयात असे महिने वाया गेले तर ते सहजी भरून येत नाहीत. कंपनीचं मुख्य कार्यालय बेंगळुरूला, मराठी कुणाला येणार नाही. तुम्ही मेथी न घेता केडगावात आलात, तेव्हाच मला कळलं की हे कुकरच्या शिट्टीसारखं नाही.

पहिलं पत्र माझ्या पद्धतीनं गेलं. अर्धं पान. मशीन कधी घेतलं, तपासणीला कधी दिलं, परत कधी मिळालं, बंद कधी पडलं, आणि गॅरंटीत बदलून मिळावं ही विनंती. तुम्ही वाचून म्हणालात की लई कोरडं आहे. मी म्हटलं, असंच असतं. उत्तर आलं. दोन ओळी. कळविण्यास खेद होतो की धोरणानुसार हे शक्य नाही, आपल्या सहकार्याबद्दल आभार. तुम्ही ते दोनदा वाचलंत आणि चष्मा काढलात.

"ह्ये त्यांनीबी तुज्यासारखंच लिवलंय की."

मी त्या दिवशी तुमच्यावर चिडले होते, पण दुसरा कागद पुढं ओढला. पोरीचं तोंड आठवत होतं.

दुसऱ्या पत्राच्या वेळी आपण अख्खी दुपार भांडलो. उत्तरावर सही एका बाईंची होती, त्यांच्याच नावे लिहायचं इथवर एकमत झालं. पुढं मात्र तुमचं म्हणणं असं की त्या मॅडमना शेवटी हुरड्याचं आमंत्रण द्यायचं. पौष तोंडावर आलाय, शेतातली ज्वारी हुरड्यात येईल, आणि दक्षिणेकडचा माणूस आयुष्यात एकदा तरी शिर्डीला येतोच, मग जाता जाता तिसगावला. मी तुम्हाला नकाशा काढून दाखवला की शिर्डीहून तिसगावला यायचं म्हणजे राहाता, राहुरी, नगर असा अर्धा जिल्हा पालथा घालावा लागतो, ते कशाच्याच वाटेवर नाही. तुम्ही म्हणालात, वाट वाकडी केल्याबिगर पाहुणा कसला. मी सांगितलं, मामा, तक्रारीच्या पत्रात जेवणाचं आमंत्रण देणारा माणूस जगात दुसरा नसेल, लोक हसतील, लाच देताय असंही वाटेल कुणाला. तुम्हाला लाच हा शब्द अजिबात समजला नाही. भाजलेल्या ज्वारीची कसली लाच, असं तुम्ही चहा ओतता ओतता मलाच विचारलंत.

शेवटी पत्र माझंच टाइप झालं, माझ्याच नियमानं. तुम्ही सही केलीत. आणि माझ्यादेखत, सहीच्या खाली, बॉलपेननं, तुमच्या त्या गोलगोल अक्षरात लिहायला लागलात. मी कागद ओढायला गेले तर तुम्ही दुसऱ्या हातानं माझा हात धरून ठेवलात. तिथं लिहिलं होतं: 'मॅडम, इफ यू कम टू शिर्डी, प्लीज कम टू अवर फार्म फॉर हुरडा. जानेवारी इज बेस्ट. माय ग्रँडडॉटर विल शो यू द फार्म. शी कॅनॉट हिअर, बट शी विल शो.'

रजिस्टर पोस्टानं गेलं ते. मेल नको म्हणालात, मेलवर माणसाचं अक्षर दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात तो किस्सा सांगितला, नाव न घेता. पत्रात काय नसावं याचा नमुना म्हणून. सगळे हसले. मागच्या बाकावरच्या एका नर्सिंगच्या मुलीनं मात्र हात वर केला आणि विचारलं, मग त्या मॅडम गेल्या का हुरडा खायला? मी म्हटलं, तो आपला विषय नाही. पण पोरं पुढचे चार दिवस येता-जाता मला तेच विचारत होती.

आणि मग तुमचा फोन आला. सुरुवातीला मला वाटलं कुणी आजारी आहे, इतक्या तुम्ही धापा टाकत होता. मॅडमनी दुकानाच्या नंबरावर फोन केला होता. हिंदीत. तुमचं हिंदी मी ऐकलेलं आहे, त्यामुळं त्यांच्याबद्दल मला आधीच सहानुभूती वाटली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हुरडा म्हणजे काय, आणि तुम्ही त्यांना 'कवळी जवारी शेकोटी में भूंजते' इथपासून शेंगदाण्याच्या चटणीपर्यंत सगळं सांगितलंत. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की माझ्या टेबलावर रोज ढीगभर पत्रं येतात, तुमचं मी दोनदा वाचलं. पण गॅरंटीचा निर्णय माझ्या हातात नाही, त्याची एक समिती आहे. समितीच्या नावानं नवीन पत्र लिहा. सेंटरच्या पावतीची प्रत जोडा, तपासणीला मशीन उघडलं होतं का ते विचारून घ्या, तारखा नीट घाला. एवढं सांगून फोन ठेवताना त्या जे म्हणाल्या ते तुम्हाला माझ्यापासून लपवता आलं असतं, तरी तुम्ही लपवलं नाहीत. हसत हसत सांगितलंत.

"म्हनल्या, और उसमें हुरडा मत लिखना."

मी किती मिरवलं त्यावरून. येता-जाता तुम्हाला ऐकवलं. तुम्ही एकदाच उलटून म्हणालात की हुरडा लिहू नका हे सांगायला तरी त्यांनी फोन केला ना, आणि मी विषय बदलला.

तिसरं पत्र आपण तुमच्या दुकानात बसून लिहिलं, कारण पावत्या तिथं होत्या. या खेपेला तुम्ही शहाण्या विद्यार्थ्यासारखे वागलात. तारखा तुम्ही सांगितल्यात, मी मांडल्या. मशीन सेंटरवर उघडलं होतं हे पावतीवरच छापलेलं निघालं, ते आपण वर घेतलं. तब्येतीची चौकशी नाही, पाऊसपाणी नाही. मी म्हटलं, मामा, आता तुम्हाला प्रमाणपत्र द्यायला हरकत नाही. तेव्हा तुम्ही म्हणालात की फक्त एक वाक्य घाल.

"मी रोज दुकान बंद करून येतो, दारातून तिला हाक मारतो. ती वळत न्हाई. येवढंच."

मी तुम्हाला समजावलं की समितीला पुरावा लागतो. हे वाक्य त्यांना तपासता येत नाही. त्यानं पत्र रडवं होतं, आणि रडवं पत्र बाजूला पडतं.

"तपासू द्या की. यावं, दारात उभं ऱ्हावं. मी रडत न्हाई कल्पे, काय हुतंय ते सांगतोय."

एरवी तुम्ही असं बोललात की शेवटी हसायचात. त्या दिवशी हसला नाहीत. तेवढ्यात लग्नाच्या भांड्यांचं गिऱ्हाईक आलं, तुम्ही नावं घालायचं मशीन सुरू केलंत आणि मला म्हणालात, राहू दे, बाजाराच्या दिवशी ये, मग बघू. त्या बाजाराच्या आधीच एका दुपारी जेवून तुम्ही दुकानात आडवे झालात ते उठलाच नाहीत.

तुमच्याशी भांडल्याचं मला वाईट वाटत नाही, मामा. भांडलो नसतो तर माझ्याकडं तुमचं काय उरलं असतं, मेथीच्या पिशव्या? वाईट याचं वाटतं की भांडण अर्ध्यावर राहिलं आणि तुमची बाजू आता मलाच मांडावी लागते. ती मला तुमच्याइतकी जमत नाही.

घर माणसांनी भरलं. बायका हंबरडे फोडत होत्या आणि ईश्वरी त्यांच्यामधून फिरत प्रत्येकीच्या तोंडाकडं बघत होती. तिला रडणं दिसत होतं, पण कशाचं ते कळत नव्हतं. तुम्हाला नेलं तेव्हा ती शेजारच्या घरी होती. परत आल्यावर ती दुकानात गेली, काउंटरच्या मागं वाकून पाहिलं आणि परत आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. वैशालीनं तिला तुमचा हार घातलेला फोटो दाखवला, ती फोटो बघून खूश झाली आणि पुन्हा दुकानाकडं पळाली. मी तिला खुणेनं सांगायचा प्रयत्न केला. वर बोट दाखवलं. तिनं वर पाहिलं, पंख्याकडं. मग तिनंही पंख्याकडं बोट दाखवलं.

दिवेलागणीला ती दारात जाऊन बसायची. तुमची वेळ तिला बरोबर कळायची.

पत्र तसंच पडून होतं. अर्जदार तुम्ही होता, त्यामुळं आता ते पुन्हा लिहावं लागणार होतं, वैशालीच्या सहीनं. आणि अर्जदार का बदलला हे समितीला सांगणं भाग होतं. मी बसले. तुमचं वाक्य मला घालता येईना, हाक मारणारा माणूसच राहिला नव्हता.  मग तारखांच्या आधी मी इंग्रजीत एवढंच लिहिलं: यापूर्वीच्या पत्रांवर माझ्या सासऱ्यांची सही होती. त्यांचं निधन झालं आहे. मुलीला आम्ही हे अजून सांगू शकलेलो नाही, कारण तिला ऐकू येत नाही आणि दुसऱ्या कोणत्याही मार्गानं सांगणं आम्हाला जमलेलं नाही.

ही माहिती आहे की रडगाणं, हे तुम्ही सांगा. मी माझे सगळे नियम त्याला लावून पाहिले. त्यातला प्रत्येक शब्द खरा आहे, तपासता येण्यासारखा आहे आणि अर्जदार बदलण्याचं कारण म्हणून आवश्यक आहे. तरीही टाइप करताना मला स्क्रीन दिसेनाशी झाली. वैशालीला मी ते मराठीत करून सांगितलं. ती म्हणाली, खरं हाय ना सगळं? मग द्या सही करते. हुरडा मी लिहिला नाही, मॅडमनी सांगितलंच होतं. पण पाकिटावरचा पत्ता मात्र पेननं घातला.

उत्तर आलं. समितीचा निर्णय अजून व्हायचा आहे, तो होईपर्यंत मुलीला वापरायला एक मशीन तात्पुरतं देण्यात येत आहे. खाली त्याच मॅडमची सही. निर्णय काय लागेल मला माहीत नाही. विरुद्ध लागला तर पुन्हा लिहीन, तो लढा मी सोडणार नाही एवढं समजा.

मशीन पुण्याहून सेट करून आणलं त्या दिवशी मी मुद्दाम तिसगावला गेले. नितीन तिला टेम्पोतून घेऊन आला. सुरुवातीला ती कावरीबावरी झाली होती, आवाज आला की खांदे उडवायची. मग तिला आठवलं. तिनं दुकानात जाऊन दोन पातेल्या एकमेकींवर आपटल्या आणि इतकी हसली की पेठेतली माणसं बघायला आली. शेळी ओरडली की हसायची. हॉर्न वाजला की हसायची. नितीननं तिच्यासाठी टेम्पोचा हॉर्न किती वेळ वाजवला असेल, शेजाऱ्यांनी एका शब्दानं तक्रार केली नाही.

मग ती घरात आली, मधल्या खोलीत उभी राहिली आणि मोठ्यांदा म्हणाली, "आबा?"

इतके महिने न वापरलेला शब्द तिनं अगदी नीट काढला होता.  ती प्रत्येकाकडं बघत होती, आता तर ऐकू येतंय, मग सांगा ना, असं. नितीन बाहेर निघून गेला.  मामी उठली. तिनं ईश्वरीला मांडीवर घेतलं, तिचं तोंड आपल्याकडं केलं आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून तिला सांगितलं.

"आबा गेले. आता येनार न्हाईत."

तुम्हाला माहीतच आहे तिला कसं शिकवलंय ते. नवीन वाक्य कानावर पडलं की पुन्हा म्हणायचं, आणि बरोबर आलं की घरानं टाळ्या वाजवायच्या. तिनं मामीच्या ओठांकडं पाहिलं.  मग तसंच सावकाश म्हणाली, "आबा गेले. आता येनार न्हाईत." एवढं लांब वाक्य ती याआधी कधी बोललेली नव्हती. बोलून झाल्यावर ती आमच्या सगळ्यांच्या हातांकडं बघत थांबली.

पहिल्यांदा मामीनं टाळी वाजवली. मग वैशालीनं, मग मी. दारातून नितीननं. आम्ही सगळे रडत टाळ्या वाजवत होतो आणि ती आनंदानं तेच वाक्य पुन्हा म्हणत होती. तुमच्या नातीचं एक अक्षरही चुकलं नाही, मामा.